छपराला भोक पडणार नाही

माझी बायको दात बनवते. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग आपले ओठ मिटून घेतो आणि थोड्या वेळाने हळूच विचारतो, "म्हणजे खरे?"

ती कवळ्या बनवते. डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा होतो आणि तो साचा आमच्या घरी येतो. बायको त्यावर मेणाची हिरडी चढवते आणि त्या मेणात एकेक दात रोवत जाते. ही मेणातली कवळी परत डॉक्टरांकडे जाते. ते ती माणसाच्या तोंडात घालून बघतात. दातावर दात बसतो का, बोलताना अडखळायला होतं का, हसल्यावर बरं दिसतं का. सगळं जमलं की मग मेणाच्या जागी पक्कं गुलाबी प्लास्टिक येतं. म्हणजे खरी करामत मेणातच असते. मेणात दात केसभर हलला, तर माणूस जन्मभर तिरका चावतो.

हे काम आमच्या माळ्यावर चालतं. घर बैठं आहे. खाली तीन खोल्या, वर पत्र्याचं उतरतं छप्पर, आणि छपराच्या पोटात माळा. मधोमध ताठ उभं राहता येतं, कडेला गेलं की मान तुकवावी लागते. पूर्वी तिथे अडगळ होती. बायकोचं काम वाढलं तेव्हा तिने ती सगळी खाली काढली, भिंतींना रंग दिला आणि खिडकीशी टेबल मांडलं. खिडकी उत्तरेची, त्यामुळे उजेड दिवसभर सारखा. दातांचा रंग जुळवायला तसाच उजेड लागतो. दात पांढरे नसतात, हे मला लग्नानंतर कळलं.

छप्पर माझ्या वडिलांनी घातलंय. मजूर लावून नव्हे, स्वतःच्या हातांनी. बाबा कारखान्यात पत्र्याचं काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरी येऊनही पत्र्याचंच काम करायचे. पत्र्यांना पेलणाऱ्या लोखंडी कैच्या त्यांनी स्वतः जोडल्या, पत्रे स्वतः चढवले, प्रत्येक बोल्टखाली डांबरी वायसर स्वतः बसवला. मी तेव्हा लहान होतो. त्याआधी आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो आणि तिथलं छप्पर इतकं गळायचं की आईच्या स्वयंपाकात मिठापेक्षा पाणी जास्त, असं बाबाच म्हणायचे. नव्या घराचं छप्पर कधी गळलं नाही. आई गेली, मी लग्न केलं, आमची मुलगी मोठी होऊन शिकायला बाहेरगावी गेली, पण छपरातून थेंब नाही. पाहुणा आला की चहाआधी बाबा त्याला छप्पर दाखवत.

घराच्या मागे शेजाऱ्यांचं एक दांडगं झाड होतं. त्याची मुळं गटाराच्या पाइपात शिरली आणि हिवाळ्यात ते कापावं लागलं. कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. अंगणात पानांचा कचरा पडायचा तो थांबला, बस. ते झाड इतकी वर्षं आमच्या छपरावर सावलीचा हात धरून उभं होतं, हे कळायला उन्हाळा यावा लागला.

उन्हाळा आला आणि डॉक्टरांचा फोनही आला.

"मॅडम, काल पाठवलेली कवळी बघितलीत का तुम्ही?"

"मीच केलीय. का?"

"वरचे पुढचे दात ओठाबाहेर डोकावताहेत. आजोबा आरशात बघून घाबरले. म्हणाले, हा कोण?"

बायको ओशाळली. तिने ते दात पुन्हा बसवले, पुन्हा तपासले, पुन्हा पाठवले. पुन्हा फोन. या वेळी एका बाजूचे दात टेकत होते आणि दुसऱ्या बाजूला फट राहत होती. डॉक्टर भला माणूस, पण त्यांच्याही खुर्चीत पेशंट खोळंबत होते. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या हातावर माझा विश्वास आहे. पण असंच चाललं तर मला दुसरीकडे काम द्यावं लागेल. नाइलाज आहे."

त्या दिवशी मी डेपोतून घरी आलो तर बायको जिन्याच्या तळाशी बसली होती. मी बस डेपोत गाड्यांच्या पाळ्या लावतो, त्यामुळे तोंड पाडून बसलेली माणसं मला रोज भेटतात, पण ही त्यातली नव्हती.

"हात बिघडला असं वाटलं मला," ती म्हणाली. "मग आज मुद्दाम कवळी टेबलावर ठेवली आणि बघत बसले. दुपारी दात आपोआप सरकायला लागले. माझा हात नाही बिघडला. माळा तापतोय."

मी वर जाऊन आलो. जिन्याच्या शेवटच्या पायरीला डोकं वर काढलं तर तोंडावर वाफ आल्यासारखी झाली. पत्र्याखाली हात धरला तर पत्र्याला न टेकताही चटका बसत होता. अशा जागी ती गेले कित्येक दिवस स्पिरिटचा दिवा लावून बसत होती. मला काही बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं.

जेवताना तिने विषय काढला. बाजारात तिने एक दुकान हेरलं होतं. ते लोक छपराच्या आढ्यावर एक गोल डबा बसवतात, तो वाऱ्यावर फिरतो आणि आतली गरम हवा ओढून बाहेर टाकतो. वीज लागत नाही, आवाज नाही. फक्त पत्र्याला वीतभर भोक पाडायचं.

बाबांचा घास हातातच राहिला.

"कशाला भोक पाडायचं?"

"पत्र्याला, बाबा."

"कुठल्या पत्र्याला?"

घरात एकच छप्पर होतं, तेव्हा या प्रश्नाला उत्तर नव्हतं. बाबांनी घास ताटात ठेवला. "हे बघ डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. दात बनवते म्हणून ते तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे, लाडात असले की लाडाने आणि चिडले की चिडून. "तुला काय हवं ते कर. पंखा लाव, बर्फाची लादी ठेव, खिडकी मोठी कर. पण मी आहे तोवर माझ्या छपराला भोक पडणार नाही."

"ते लोक भोवतीनं पक्कं करून देतात."

"पक्कं? तो डबा आज बसवतील आणि उद्या दुकानाला कुलूप लावून जातील. गळायला लागलं की कुणाला बोलावणार?"

मी दोघांकडे आळीपाळीने बघत जेवत राहिलो. अशा वेळी मी फार सावकाश जेवतो.

मग भोक न पाडता जे जे करता येईल ते सुरू झालं. पहिल्यांदा टेबलपंखा. त्याने गरम हवा जागच्या जागी फिरवली आणि दिवा विझवला. नंतर बाबांनी गोणपाटं आणली, ती भिजवून पत्र्यावर अंथरायला मला वर चढवलं आणि स्वतः अंगणातून हुकूम सोडत राहिले. माळा खरंच थोडा निवला. पण गोणपाटांचं पाणी वाफ होऊन खिडकीतून आत यायचं आणि प्लास्टरचे साचे वाळेनात. बोट लावलं की बोट उमटायचं. गोणपाटं काढली.

मग पांढरा रंग. याला बाबांची हरकत नव्हती, रंगाने छपराचं आयुष्य वाढतं असं त्यांचं मत होतं. मी दोन सुट्ट्या छपरावर घालवल्या. पांढऱ्या रंगाने मात्र चांगला फरक पडला. फक्त समोर शिकवणी घेणाऱ्या बाई तिसऱ्या दिवशी दारात आल्या. आमच्या छपराचा उजेड थेट त्यांच्या फळ्यावर पडत होता आणि मुलांना एक अक्षर दिसत नव्हतं. "तुमचं छप्पर रोज सकाळी माझ्या घरी शिकायला येतं," त्या म्हणाल्या, "आणि फीही देत नाही." त्यांच्याकडची बाजू आम्ही फिक्या राखाडी रंगाची केली. बाई खूश झाल्या. माळा पुन्हा अर्धा तापला.

बायकोने शेवटी सांगून टाकलं. "मी बाजारात खोली बघते. काम तिकडे हलवते."

हे ती रागाने बोलली नाही, म्हणूनच मला धास्ती वाटली. तिचा राग मला हाताळता येतो. बाबा वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे निदान धरून होते.

"एवढं काही ऊन नाही," ते पानाआडून म्हणाले. "मी भट्टीशेजारी उभं राहून नोकरी केली. आम्ही काय बर्फात वाढलो? हल्ली सगळ्यांची कातडीच नाजूक झालीय."

"मग वर येऊन बसा ना," बायको म्हणाली.

"बसतो की."

"भर दुपारी."

"भर दुपारीच बसतो."

ही दोन माणसं एका रक्ताची नाहीत, पण हट्टात कुणी म्हणेल सख्खी बापलेक आहेत. सुट्टीचा दिवस होता. जेवणं झाल्यावर बाबा काठी टेकत जिना चढले. बायको मागे, तिच्या मागे मी. मी वरपर्यंत गेलो नाही, जिन्यातच थांबलो, डोकं वर आणि बाकीचा मी खाली. दोघांपैकी कुणाच्याच बाजूचा दिसू नये एवढीच माझी इच्छा होती.

बायकोने त्यांना आपली खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसली. टेबलावर तिने एक नवीकोरी मेणाची कवळी ठेवली. वरचे दात, अगदी रांगेत, परेडला उभे असल्यासारखे.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. हे पण बसतील आपल्याबरोबर."

सुरुवातीला बाबा मजेत होते. कारखान्यातल्या गोष्टी सांगत होते. मग गोष्टी कमी झाल्या. बायकोच्या कपाळावरून घाम हनुवटीवर यायचा आणि तिथून टपकायचा, ती पुसत नव्हती. बाबाही पुसत नव्हते. पत्रा मधूनमधून टण्‌ वाजत होता, तापलेला पत्रा फुगताना वाजतो तसा.

आणि दात निघाले. पहिल्यांदा एका कोपऱ्यातला सुळा जरासा बाहेर कलला. मग त्याच्या शेजारचा. मधले दोन एकमेकांपासून अंतर ठेवू लागले, जणू भांडण झालंय. बाबा डोळे बारीक करून त्या कवळीकडे बघत होते. बघता बघता सगळी रांग एका बाजूला रेलली, शेवटच्या बसला लटकलेल्या माणसांसारखी.

"मेण भेसळीचं आहे," बाबा म्हणाले.

"याच मेणाचं काम थंडीत तुम्ही पाहुण्यांना दाखवत होतात," बायको म्हणाली.

बाबांनी कवळीवरून नजर काढली. मला वाटलं, हरले. पण बायको एकदम उठली. तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं. घाम थांबला होता.

"बाबा, पाणी घ्या."

त्यांनी पेला धरायला हात पुढे केला, पण हात पेल्याच्या शेजारून गेला. काहीतरी बोलले, ते शब्द नव्हते.

"वर ये!" ती माझ्यावर ओरडली.

तो जिना उभा आहे आणि अरुंद आहे. बाबांना आम्ही कसं उतरवलं ते मला नीट आठवत नाही. ती खाली, उलटी, एकेक पायरी पायाने चाचपत, आणि मी वरून त्यांच्या काखेत हात घालून. खाली आल्यावर तिने त्यांचा सदरा काढला, चादर भिजवून अंगावर टाकली, पंखा पूर्ण सोडला. मी शेजाऱ्यांची गाडी मागायला धावलो. दवाखान्यात त्यांना सलाइन लावलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "या वयात एवढ्या उन्हात कुठे गेले होते?"

"घरीच होते," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. बायको दाराशी उभी होती. ती रडली नाही, पण हातातला बाबांचा चष्मा ती सारखा पुसत होती, स्वच्छ असलेला.

दुसऱ्या दिवशी बाबा घरी आले. अशक्तपणा होता, पण शुद्ध पक्की होती आणि जीभही जागेवर आली होती. मात्र ते बोलत नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. बायकोने मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं.

"माझं चुकलं. मी त्यांना चिडवायला नको होतं."

"ते स्वतःच चढले."

"मी खुर्ची दिली ना." आणि पुढे म्हणाली, "मी परवाच खोली ठरवते. यांना या छपराखाली सुखाने राहू दे."

पण तोवर दातांच्या डॉक्टरांची दोन कामं अडली होती, आणि माळ्यावर तर आता ती पाऊलही टाकायला तयार नव्हती. घरात सगळ्यांत गार खोली बाबांची. तिची भिंत जाड आहे आणि ऊन तिकडे फिरकत नाही. तिने विचारलं, "बाबा, दोन दिवस इथे टेबल टाकू का? आवाज नाही करणार."

बाबांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच मान हलवली.

पुढचं मी पाहिलेलं नाही, मी कामावर होतो. बायकोने सांगितलं तसं सांगतो. पहिल्या दिवशी बाबा भिंतीकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी छताकडे. तिसऱ्या दिवशी कुशीवर वळून तिच्या हातांकडे बघू लागले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तो कडेचा दात वाकडा बसवलास."

"मुद्दाम बसवलाय."

"मुद्दाम?"

"सगळे सरळ बसवले की खोटे दिसतात. खऱ्या माणसाचा एखादा तरी वाकडा असतो."

बाबांना हे पटलं असावं. ते उठून बसले. मेण किती तापवायचं, दात आधी मधले का लावायचे, चावताना जोर कुठे येतो, सगळं विचारून घेतलं. त्यांनी जन्मभर पत्र्याच्या घड्या घातल्या होत्या, त्यामुळे केसभर फरक म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. तिला चिमटा हवा असला की हात पुढे करायच्या आत ते देऊ लागले. दोन दिवसांचा आठवडा झाला. बाजारातल्या खोलीचं कुणी नाव काढलं नाही.

एका दुपारी ते आपणहून म्हणाले, "एक सांगू? हे कुणाला सांगितलेलं नाही."

"सांगा."

"ते छप्पर गळलं होतं. पहिल्याच वर्षी."

बायकोने हातातलं काम खाली ठेवलं.

"माळ्यावर, स्वयंपाकघराच्या बाजूच्या कोपऱ्यात. एका बोल्टचा वायसर उलटा बसला होता माझ्याच हातून. तुझ्या सासूने बघितलं. पण मी गल्लीभर सांगत सुटलो होतो ना, की थेंब येत नाही म्हणून. तिने खाली पातेलं ठेवलं आणि मी कामावरून यायच्या आत ते रिकामं करून जागेवर ठेवायची. अख्खा पावसाळा. मला पुढच्या वर्षी बोल्ट तपासताना गंज दिसला तेव्हा कळलं. तिला विचारलं, तर म्हणाली, तुमचा चेहरा बघवला नसता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"वायसर बदलला. आणखी काय करणार? पण त्यानंतर त्याला कुणी हात लावलेला मला चालत नाही. ती पातेली उचलत होती आणि मी छाती काढून फिरत होतो." एवढं बोलून ते हसले आणि हसता हसता डोळे पुसले. बायको म्हणते, तिने तेव्हा खिडकीकडे बघितलं, कारण डोळे पुसताना कुणी पाहिलेलं त्यांना आवडलं नसतं.

मग तिने सरळ विचारलं, "बाबा, छपराला हात लावायचा नाही, कबूल. पण भिंतीला?"

माळ्याच्या दोन्ही टोकांना त्रिकोणी भिंती आहेत, छप्पर ज्यांच्यावर टेकलंय त्या. गरम हवा वर जाऊन तिथेच कोंडते. बाबा विचारात पडले. काठीने जमिनीवर काहीतरी रेघा ओढल्या.

"भिंतीला खुशाल पाड," ते म्हणाले. "ती मी बांधलेली नाही. गवंड्याने बांधली, आणि वाकडी बांधली."

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा दोघं मिळून माझी वाट बघत होती. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा घडलं होतं, त्यामुळे मी दारातच विचारलं, "काय झालं? कोण गेलं?"

गवंडी आला. त्याने दोन्ही भिंतींत अगदी आढ्याखाली एकेक झरोका पाडला, पाऊस आत येऊ नये म्हणून उतरत्या पट्ट्यांचा. एका झरोक्यात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. काम करताना तो म्हणाला, "ही भिंत कुणी बांधली हो? ओळंबा लावला नव्हता काय?" बाबा खाली ओला पंचा डोक्यावर घेऊन खुर्चीत बसले होते. इतका सुखावलेला चेहरा मी त्यांचा छपराच्या बाबतीतही पाहिला नव्हता.

पंखा सुरू केला आणि पहिल्याच दिवशी फसगत झाली. पंखा हवा बाहेर फेकत होता, पण दिवा विझू नये म्हणून खिडकी बंद होती आणि समोरचा झरोका पुरत नव्हता, त्यामुळे नवी हवा जिन्यातून वर ओढली जात होती, थेट स्वयंपाकघरातून. मी खाली कांदा परतत होतो. थोड्या वेळाने बायको कवळी हातात धरून खाली आली आणि माझ्या नाकासमोर नाचवून म्हणाली, "वास घे. हे घालून माणूस दिवसभर उपाशी राहिला तरी त्याला जेवल्यासारखं वाटेल."

हवा खालच्या कडेने आत यायला हवी होती, छप्पर भिंतीला जिथे टेकतं तिथून. तिथे पूर्वी पन्हळीएवढ्या फटी होत्या, पण खारी शिरतात म्हणून बाबांनीच त्या सिमेंटने बुजवल्या होत्या. आता आम्ही दोघं त्यांच्याकडे बघू लागलो.

"माझ्याकडे काय बघता?" ते म्हणाले. "सिमेंट छपरात मोडत नाही."

सिमेंट फोडलं, फटींना बारीक जाळी लावली. पत्र्याच्या खाली, वीतभर जागा सोडून, आम्ही पांढऱ्या फोमचे जाड तक्ते कैच्यांना बांधले. वरची उष्णता पत्रा आणि तक्ता यांच्या मधल्या पोकळीतच राहते, खालच्या फटींतून येणारी हवा तिला ढकलत वर नेते आणि पंखा तिला बाहेर काढतो. हे वाचायला सोपं वाटतं. तक्ते बांधताना माझी मान जी आखडली ती महिनाभर डेपोत सगळ्यांना वाटत होतं, मी कुणावर तरी रुसलोय.

मग बायकोने एक मेणाची कवळी माळ्यावर टेबलावर ठेवली आणि आम्ही सगळे खाली येऊन बसलो. वर कुणी जायचं नाही असं तिने बजावलं होतं. बाबा दुपारभर अस्वस्थ होते. कधी पाणी प्यायचे, कधी जिन्याशी जाऊन कान द्यायचे, जणू दात सरकले तर आवाज येणार होता. ऊन कललं तशी ती वर गेली. खाली यायला तिने वेळ लावला. आली तेव्हा तिच्या तळहातावर साचा होता आणि साच्यावर दात, ठेवले तसे. एक दात वाकडा होता.

"हा सरकला," मी म्हणालो.

"तो मुद्दाम आहे," बाबा म्हणाले.

त्या आठवड्यात गेलेली कवळी पहिल्या खेपेला बसली. डॉक्टरांचा फोन आला, पण तो पुढच्या कामासाठी होता. आधीच्या बोलण्याचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही.

माळा काही हिलस्टेशन झाला नाही, हे सांगायला हवं. भर दुपारी तिथे अजून घाम येतो. बायकोने कामाची घडीच बदलली. मेणाचं नाजूक काम सकाळी, घासण्याचं आणि पॉलिशचं दुपारनंतर, कारण पक्क्या प्लास्टिकला थोडं ऊन सोसतं. बाबांनी एक थर्मामीटर आणून तिच्या टेबलाशी टांगायला लावला. गुडघ्यांमुळे आणि त्या दिवसामुळे त्यांना वर जायची बंदी आहे. म्हणून ते दुपारी जिन्याशी येतात आणि काठीने पायरीवर ठोकतात.

"किती झालं गं?"

ती वरून आकडा सांगते. त्यांना बरं वाटावं म्हणून दोन अंश कमी सांग, असं मी तिला एकदा सुचवलं होतं. ती म्हणाली, "त्यांनी जन्मभर मोजून काम केलंय. त्यांना खोटा आकडा देऊ?"

परवा फार कडक ऊन होतं. डेपोतही डांबर चपलेला चिकटत होतं, म्हणून मी लवकर घरी आलो. बाबा जिन्याशी उभे होते आणि ती वरून आकडा सांगत होती. आकडा चांगला नव्हता.

बाबा म्हणाले, "मेण घेऊन खाली ये. माझ्या खोलीतलं टेबल मोकळंच आहे."

ती साचे छातीशी धरून उतरली. बाबांनी पुढे होऊन खोलीचा दिवा लावला.